मधुमेही मांजर आणि इन्शुलिनचा डोस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आपल्याकडे घरटी कुणाला ना कुणाला शुगर असतेच. त्यामुळे मांजराला मधुमेह झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की सल्ले घरातूनच सुरू होतात. फ्रीजमध्ये आजोबांच्या इन्शुलिनची बाटली असते, कपाटात ग्लुकोमीटर असतो आणि 'शुगर वाढली तर काय करायचं' याचं उत्तरही कुणाकडे तरी तयार असतं. या अनुभवाचा फायदा होतो. सुईची भीती लवकर जाते. पण माणसाच्या मधुमेहाचे आडाखे चार-पाच किलोच्या प्राण्याला जसेच्या तसे लावले की घोटाळे होतात आणि त्यातले सगळ्यात धोक्याचे घोटाळे इन्शुलिन जास्त गेल्याचे असतात. शुगर एखादा दिवस वाढलेली राहिली तर खातंपितं मांजर सहसा निभावून नेतं. ती फार खाली गेली तर तासाभरातही जिवावर बेतू शकतं. पुढचे गैरसमज वाचताना हा फरक सतत डोळ्यांसमोर ठेवावा.

गैरसमज १: मांजर गोड खात नाही, मग त्याला मधुमेह कसा होईल?

मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखण्यासाठी लागणारं एक जनुक सगळ्याच मार्जारकुळात निकामी झालेलं आहे. मधुमेहाचा मात्र जिभेशी संबंध नाही. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप २ सारखा असतो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं आणि स्वादुपिंडही हळूहळू थकतं. वय सात-आठच्या पुढे, वजन जास्त, नसबंदी झालेला बोका, घरातच बसून राहण्याची सवय, खाजेसाठी किंवा दम्यासाठी दिलेली स्टेरॉइड्स, यांमुळे धोका वाढतो. भरपूर पाणी पिणं, लिटर बॉक्समध्ये सूचे मोठे गोळे, खाऊनही वजन घटणं ही मुख्य लक्षणं. काही मांजरं मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात. तो वाढलेल्या साखरेने नसांवर झालेला परिणाम असतो.

गैरसमज २: क्लिनिकमध्ये शुगर ३०० आली, म्हणजे मधुमेह पक्का.

पिशवीतून रिक्षाने आलेलं, टेबलावर दोघांनी धरून ठेवलेलं मांजर घाबरलेलं असतं. निव्वळ ताणाने निरोगी मांजराची साखरही ३०० मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याच्याही वर जाऊ शकते. म्हणून निदानासाठी लक्षणं, लघवीतली साखर आणि फ्रुक्टोसामाइन ही रक्तचाचणी एकत्र पाहतात. फ्रुक्टोसामाइन मागच्या एक ते तीन आठवड्यांतली सरासरी सांगतं, त्या क्षणाची घबराट त्यात येत नाही. घरी डोस चालू झाल्यावरही हे विसरू नये. झटापट करून घेतलेल्या थेंबाचा आकडा फुगलेला असू शकतो.

गैरसमज ३: इन्शुलिन माणसाचंच आहे, तर सिरिंज कुठलीही चालेल.

माणसाचं इन्शुलिन मांजरांना देतात हे खरं. ग्लार्जिन हे त्यातलं बरंच वापरलं जाणारं नाव. गफलत होते ती सिरिंजमध्ये. आपल्या औषधाच्या दुकानांत बाटलीतलं साधं इन्शुलिन अजूनही मुख्यतः ४० युनिट प्रति मिलिलिटर या ताकदीचं मिळतं. त्याची सिरिंज यू-४० आणि टोपण सहसा लाल. ग्लार्जिन आणि पेनमधली बहुतेक इन्शुलिनं १०० युनिट प्रति मिलिलिटरची असतात. त्यांची सिरिंज यू-१०० आणि टोपण सहसा केशरी.

आता हिशेब पाहा. यू-४० सिरिंजवरची एक रेघ म्हणजे ०.०२५ मिलिलिटर. तिच्यात १०० ताकदीचं इन्शुलिन एका रेघेपर्यंत भरलं तर शरीरात जातात २.५ युनिट. डॉक्टरांनी २ सांगितले असतील तर जातील ५. उलट चूक केली, म्हणजे ४० ताकदीचं इन्शुलिन यू-१०० सिरिंजने दिलं, तर १ युनिटच्या जागी ०.४ च जाईल आणि 'औषध लागू पडत नाही' असं वाटेल.

माणसाच्या २०-३० युनिटच्या डोसात एक युनिट इकडेतिकडे झालं तर फारसं बिघडत नाही. मांजराचा सुरुवातीचा डोसच बहुधा एका वेळी १ युनिटच्या आसपास, दिवसातून दोनदा, असा असतो. तिथे अर्धं युनिटही मोठं ठरतं, म्हणून अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मिळाली तर तीच घ्यावी. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे प्रत्येक नव्या खरेदीला तपासावं. ग्लार्जिन ३०० ताकदीच्या पेनमध्येही मिळतं, त्यामुळे नुसतं नाव वाचून भागत नाही. मोजायला सोपं जावं म्हणून ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा सलाइनही घालायचं नाही. त्याचा हळूहळू उतरण्याचा गुण ज्या आम्लतेवर अवलंबून आहे, तीच त्याने बिघडते.

गैरसमज ४: शुगर जास्त दिसली की डोस वाढवायचा.

हा सगळ्यात महागात पडणारा समज. काही माणसं जेवणाआधी शुगर पाहून त्याप्रमाणे युनिट कमी-जास्त करतात. त्यांचं इन्शुलिन झटपट काम करणारं असतं. मांजराला दिलं जाणारं लांब पल्ल्याचं इन्शुलिन कातडीखालून तासन् तास झिरपत राहतं आणि नव्या डोसाचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात.

मुख्य म्हणजे, डोस योग्य आहे की नाही हे टोचण्याआधीच्या आकड्यावरून ठरत नाही. दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळात साखर सर्वांत खाली कुठे पोचते, यावरून ठरतं. समजा, सकाळी टोचण्याआधी ३२० आहे. फक्त तेवढंच पाहिलं तर डोस कमी पडतोय असं वाटेल. पण दुपारी दीड वाजता तीच साखर ७५ वर उतरत असेल, तर डोस वाढवणं म्हणजे मांजराला खड्ड्यात ढकलणं. हा तळ साधारण ८० ते १५० च्या दरम्यान राहावा असं पाहतात. म्हणूनच डॉक्टर अधूनमधून दिवसभर दर दोन तासांनी मोजमाप करून आलेख काढायला सांगतात.

शिवाय तेच मांजर, तोच डोस आणि तेच खाणं असूनही सोमवारचा आलेख मंगळवारशी जुळेलच असं नाही. त्यामुळे डोस बदलल्यावर किमान पाच ते सात दिवस थांबतात आणि पुढचा बदलही अर्ध्या ते एका युनिटचाच करतात. याला एकच अपवाद: साखर फार खाली गेली, तर डोस कमी करण्यासाठी आठवडा थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

आकडे माणसासारखे 'नॉर्मल' आणण्याचा हट्टही नको. मांजराच्या किडनीतून साखर लघवीत उतरू लागते ती साधारण २५० च्या पुढे. बहुतेक वेळ त्याखाली राहिलं की तहान आणि लघवी आटोक्यात येते, वजन सावरतं. भांड्यातलं पाणी रोज किती संपलं, लिटरमधले गोळे किती, आठवड्याचं वजन किती, या तीन नोंदी एकट्यादुकट्या शुगरच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त सांगून जातात.

गैरसमज ५: इंजेक्शन नीट गेलं नाही असं वाटलं, तर पुन्हा द्यावं.

मांजर ऐन वेळी हललं, केस ओले लागले, औषधाचा उग्र वास आला, म्हणजे थोडं किंवा सगळं बाहेर सांडलं असेल. किती आत गेलं ते कळायला मार्ग नाही, म्हणून दुसरा डोस द्यायचा नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरपाईही करायची नाही.

घरातल्या दोघांनी एकाच सकाळी दोनदा टोचणं हाही नेहमीचा अपघात. फ्रीजच्या दारावर कागद लावावा आणि ज्याने दिलं त्याने लगेच वेळ लिहावी. टोचण्यासाठी पाठीच्या किंवा छातीच्या बाजूची सैल कातडी चांगली. जागा मात्र रोज थोडी बदलावी.

गैरसमज ६: खाल्लं नाही तरी इंजेक्शनची वेळ चुकवू नये.

आधी खाणं, मग सुई, हा क्रम सोयीचा, कारण मांजर जेवतंय की नाही ते आधीच कळतं. खाणं निम्मंच झालं, उलटी झाली किंवा टोचण्याआधीची साखर नेहमीपेक्षा बरीच कमी आली, तर ठरलेला डोस डोळे झाकून द्यायचा नाही. कितीच्या खाली आकडा आला तर थांबायचं आणि अर्धवट जेवल्यास किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. मांजर दिवसभर काहीच खात नसेल, मलूल असेल किंवा उलट्या करत असेल, तर नुसतं इन्शुलिन थांबवून घरी बसू नये. शरीर चरबी जाळून कीटोन बनवू लागलं तर ती तातडीची अवस्था असते.

गैरसमज ७: लो झालं तर साखर चाटवली की काम झालं.

शुगर साधारण ६० च्या खाली गेली की धोका सुरू. अशक्तपणा, झोकांड्या, थरथर, अचानक वखवख, शून्य नजर, पुढे झटके ही त्याची लक्षणं. कधी काहीच दिसत नाही. मांजर शुद्धीत असेल तर लगेच खायला द्यावं. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोज पावडरचं घट्ट पाणी हिरड्यांवर चोळावं. झटके येत असतील किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाईल. अशा वेळी बोटंही दातांमध्ये जाऊ देऊ नयेत. आणि मांजर उठून बसलं तरी दवाखाना टाळू नये. साखरेचा परिणाम थोड्या वेळात ओसरतो, कातडीखालचं इन्शुलिन मात्र पुढे कित्येक तास काम करत राहतं. पुढचं इंजेक्शन विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

गैरसमज ८: घरी रक्त काढणं म्हणजे मुक्या जनावराचा छळ.

कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कोमट कापडाने कान शेकला आणि मागे कापूस धरून टोचलं की थेंबभर रक्त मिळतं. जमल्यावर आवडीचा खाऊ दिला तर बरीच मांजरं आपणहून येऊन बसतात. यातून वाचतो तो क्लिनिकचा ताण आणि त्याने फुगलेला आकडा.

माणसाचं ग्लुकोमीटर मात्र मांजरात सहसा कमी आकडा दाखवतं. माणसाच्या रक्तातल्या ग्लुकोजचा मोठा वाटा लाल पेशींमध्ये असतो. मांजराचं जवळपास ९३ टक्के ग्लुकोज प्लाझ्मात असतं. माणसाचं मीटर माणसाच्या हिशेबाने बेतलेलं असल्याने फरक पडतो. प्राण्यांसाठीचं मीटर मिळालं तर उत्तम. नाहीतर एकच मीटर कायम वापरावं, ते कोणतं हे डॉक्टरांना सांगावं आणि दोन मशीनचे आकडे एका वहीत मिसळू नयेत. कातडीला चिकटवायचा १४ दिवसांचा सेन्सरही मांजरांवर वापरला जातो. तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून थोडा मागे असतो. संशयास्पद कमी आकडा आला तर कानातून रक्त घेऊन ताडून पाहावा.

गैरसमज ९: इन्शुलिन चालू आहे, मग दूधभात चालतो.

मांजर अस्सल मांसाहारी. पिष्ट पचवण्याची त्याच्या शरीराची तयारी बेताची. दूधभात, दूधपोळी आणि बरंचसं कोरडं पॅकेटचं खाणं यांनी साखर चढते. कमी कर्बोदकं आणि भरपूर प्रथिनं असलेलं ओलं खाणं हा बहुतेक वेळा चांगला पर्याय, किडनीचा वगैरे दुसरा आजार असेल तर डॉक्टर वेगळं सुचवतील. पण हा बदल परस्पर करू नये. कर्बोदकं घटली की इन्शुलिनची गरज काही दिवसांतच उतरते आणि कालचा योग्य डोस आज जास्त ठरतो.

गैरसमज १०: डोस वाढतच चाललाय, म्हणजे इन्शुलिनच खराब.

कधी खरंच तसं असतं. बाटली गोठली असेल, उन्हाळ्यात गाडीत राहिली असेल, एरवी पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं ग्लार्जिन गढूळ झालं असेल, तर ती फेकावी. ठेवायची जागा फ्रीजच्या आतल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. पण दातांचा किंवा लघवीचा संसर्ग, स्टेरॉइड्स यांनीही इन्शुलिन निष्प्रभ होतं. आणखी एक कारण बऱ्याचदा निसटतं. ब्रिटनमध्ये १२२१ मधुमेही मांजरांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास चौथा हिस्सा मांजरांना वाढीच्या संप्रेरकाच्या अतिरेकाचा आजार असावा, असा अंदाज निघाला. डोस फार वर जाऊनही साखर हटत नसेल तर त्याची चाचणी करण्याबद्दल विचारावं.

गैरसमज ११: सुईपेक्षा आजोबांची गोळी बरी. नाहीतर जन्मभर टोचत बसायचं.

माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. अमेरिकेत मांजरांसाठी तोंडाने द्यायची दोन औषधं मंजूर झाली आहेत: डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन. ती लघवीवाटे साखर बाहेर काढतात. मात्र आधी इन्शुलिनवर असलेल्या मांजरांसाठी ती नाहीत आणि त्यांच्यावर असताना साखर ठीक दिसूनही कीटोन वाढू शकतात.

जन्मभराचं म्हणाल, तर इथे मांजर माणसापेक्षा नशीबवान आहे. लवकर निदान, योग्य खाणं आणि सुरुवातीपासून नियमित इन्शुलिन मिळालं तर काही मांजरांचं स्वादुपिंड पुन्हा सावरतं. निदान चार आठवडे इन्शुलिनशिवाय साखर ठीक राहिली की त्याला रिमिशन म्हणतात. अशा वेळी गरज गुपचूप उतरत जाते, म्हणून आटोक्यात आलेल्या मांजराची तपासणी सैल सोडू नये. रिमिशनमधलं मांजर पुन्हा मधुमेही होऊ शकतं. पाणी आणि वजन पाहणं चालूच ठेवावं.

डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: इन्शुलिनचं नाव आणि ताकद, त्याला जुळणारी सिरिंज, कोणत्या आकड्याखाली इंजेक्शन द्यायचं नाही ते, आणि रात्री कुणाला फोन करायचा. मांजर सांभाळायला शेजाऱ्यांकडे ठेवायची वेळ आली, तर औषधाच्या बाटलीबरोबर हा कागदही द्या.