विलंबाला नाव हवे

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद व्हावी म्हणून मी पाच महिने तलाठी कार्यालयात खेटे घातले. वाद नव्हता, कोणाची हरकत नव्हती, कागदपत्रेही पुरी होती. तरी उत्तर एकच : ‘पुढच्या आठवड्यात या.’ अखेर एका स्नेह्याने सुचवले म्हणून माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज केला. त्यात तक्रार नव्हती, प्रश्न होते. माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे होता? त्यावर काय कार्यवाही झाली? उत्तर येण्याआधीच फेरफार मंजूर झाला!

हा योगायोग म्हणावा काय? लिओनिड पेसाखिन आणि पॉल पिंटो या संशोधकांनी दिल्लीच्या झोपडपट्ट्यांत केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. शिधापत्रिकेसाठी अर्ज करणाऱ्यांचे त्यांनी चार गट केले. एकाने नुसता अर्ज केला, दुसऱ्याने स्वयंसेवी संस्थेचे पत्र जोडले, तिसऱ्याने लाच दिली, चौथ्याने अर्जानंतर माहिती मागवली. पहिल्या दोन गटांच्या पदरी प्रामुख्याने प्रतीक्षाच आली. माहिती मागवणाऱ्यांचे काम मात्र लाच देणाऱ्यांच्या जवळपास वेगाने झाले.

असे का व्हावे? दिरंगाईविरुद्ध नियम आपल्याकडे आहेतच. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे एरवी कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये. पण ती पडून आहे, हे बाहेरच्या माणसाला कळणार कसे? माहितीचा अर्ज नेमके तेच विचारतो. शिवाय विनाकारण माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड व्यक्तिशः होऊ शकतो. मग विलंब ‘कार्यालयाचा’ राहत नाही. त्याला नाव मिळते.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने त्यापुढे जाऊन अधिसूचित सेवांना मुदत घातली, अपिलांची सोय केली आणि ५०० ते ५,००० रुपयांच्या दंडाची तरतूद केली. परंतु मुदत मोजायची तर अर्जाची पोच हातात हवी. ती मी पहिल्या दिवशी मागितलीच नव्हती. संकोच वाटला, साहेब नाराज होतील अशी भीतीही वाटली. दिल्लीच्या प्रयोगात लाच थोडी आधी पोहोचली, हे खरे. तिला मागे टाकायचे तर कायद्याइतकीच आपल्याला हा संकोच सोडण्याची गरज आहे.