आंघोळीच्या पाण्याचा हिशेब



थंडीच्या दिवसांत ऊब मिळविण्यासाठी येणारा खर्च आणि त्याची वाढती बिले हा विषय करी रोडच्या एका निवृत्त शिक्षकाने बोलावयास घ्यावा, याचे आपणांस नवल वाटेल. मुंबईची थंडी ती काय, असे कोणीही म्हणेल. निफाडच्या द्राक्षबागायतदाराने हसावे अशीच ती आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून ते २२ जानेवारी १९६२ या दिवसाचे आहे. एरवी जानेवारीतील पहाट सरासरीने १६-१७ अंशांवरच थांबते. तेवढ्यासाठी कोणी घर तापवीत नाही. आणि १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ माणसे निजत असली म्हणजे घर तापविण्याची गरजही उरत नाही.

परंतु घर तापवीत नसलो तरी पाणी आपण तापवितोच. थंडीतला आपला उष्णतेवरचा खर्च म्हणजे मुख्यत्वे आंघोळीच्या पाण्याचा खर्च होय. तो कशाने वाढतो, कसा मोजावा, कोठे कमी करावा व कोठे मुळीच करू नये, हे आज सांगण्याचा विचार आहे.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६५-७० च्या सुमारास, आमच्या चाळीत तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या आदल्या दिवशी तो चिंचेने घासून लख्ख केला जाई आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तोच घरचा खरा मानकरी असे. बंबाची रचना साधी पण शहाणपणाची. मधोमध नळकांडे, त्यात निखारा, आणि सभोवार पाणी. विस्तव पाण्याच्या पोटातच असल्यामुळे उष्णता बाहेर कमी सांडे. त्यात लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, वखारीतून आणलेला कोळसा, जे मिळेल ते जळे. त्या काळी इंधन डोळ्यांना दिसे. कोळशाची पाटी तळाला गेली की आई म्हणे, “आज अर्धीच बादली.” आजची वीज व नळाचा गॅस डोळ्यांना दिसत नाहीत, दिसते ते महिनाअखेरचे बिल, आणि तोवर जे सांडावयाचे ते सांडून गेलेले असते.

आमच्या या भागाला वीज काही परकी नाही. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले ते मुख्यतः मुंबईच्या गिरण्या चालविण्यासाठी. घाटावरच्या पावसाच्या पाण्याने आमच्या वाडवडिलांचे माग फिरविले. तीच वीज आज त्यांच्या नातवंडांचे पाणी तापविते. तेव्हा तिचा हिशेब आपणांस यावयास हवा.

हिशेब चौथीच्या मुलालाही समजेल असा आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. तिला आपण एक उष्मांक म्हणू. विजेचे एक युनिट म्हणजे असे ८६० उष्मांक. आता एक बादली १५ लिटरची धरा. हिवाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी पहाटे साधारण २२ अंशांवर असते व आंघोळीस ४० अंशांचे पुरते. फरक १८ अंशांचा. १५ गुणिले १८, म्हणजे २७० उष्मांक. त्यास ८६० ने भागता सुमारे ०.३१ युनिट येते. महिन्याच्या ३० बादल्यांस साडेनऊ युनिटे लागली. एका माणसाच्या रोजच्या गरम आंघोळीची ही किंमत होय.

हा आकडा लक्षात ठेवावा, कारण तो मला एका घरात उपयोगी पडला. आमच्या जवळच, चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत, एक वयोवृद्ध गिरणी कामगार राहतात. गेल्या जानेवारीत ते मला जिन्यात भेटले तेव्हा दात वाजत होते. चौकशी केली तर म्हणाले, “मास्तर, थंड पाण्याने आंघोळ केली. मला थंडच मानवते.” वय ८१, छातीत कफ, आणि थंड पाणी मानवते! पुढे कळले की त्या घरी जानेवारीचे बिल ऑक्टोबरपेक्षा ७० युनिटांनी अधिक आले होते. “बाबांना रोज गरम पाणी लागते,” असे कोणीतरी सहज बोलले होते. रागाने नव्हे, सहजच. म्हातारपणी सहज बोललेलेच अधिक लागते.

मी त्यांच्या मुलाची परवानगी घेतली, नातवाला पाटी म्हणून कागद दिला आणि सर्वांसमोर गणित मांडले. घरात पाच माणसे. चौघे बादलीने आंघोळ करीत. त्यांची महिन्याची ३८ युनिटे. नातू फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभा राही. मिनिटाला सात लिटर धरले तरी ७० लिटर पाणी झाले. म्हणजे जवळजवळ पाच बादल्या, महिन्याला ४४ युनिटे. शिवाय २५ लिटरांचा गिझर अहोरात्र चालूच असे. पाणी तापले की तो आपोआप बंद होतो, म्हणून काही जात नाही, असा त्यांचा समज. वस्तुतः आतले पाणी हळूहळू निवते व गिझर ते पुनःपुन्हा तापवितो. आतल्या आच्छादनाच्या प्रतीप्रमाणे यात दिवसाला अर्धे ते एक युनिट जाते. मध्यम धरून महिन्याला २२ युनिटे झाली. एकूण १०४. यातून पंख्यांची बचत वजा करावयाची, कारण थंडीत ते बंद असतात. ७५ वॉटचे दोन पंखे रात्री आठ तास फिरले तर महिन्याला ३६ युनिटे घेतात. १०४ उणे ३६, उरली ६८. बिलातील वाढ ७०. ताळा जमला.

आजोबांच्या आंघोळीचा वाटा त्यात साडेनऊ युनिटांचा. बेरीज संपल्यावर नातू खाली पाहत होता व सूनबाई उठून चहा ठेवावयास गेल्या. मी कोणास काही बोललो नाही. आकड्यांनी बोलावयाचे ते बोलून झाले होते. दुसऱ्या दिवसापासून गिझरचे बटण आंघोळी झाल्या की बंद होऊ लागले आणि आजोबांची बादली त्यांच्या हाती देण्याचे काम नातवाने आपणहून घेतले.

या गणितावरून जे उपाय निघतात ते आता सांगतो.

पहिला उपाय, गिझर वेळेपुरताच लावावा आणि आंघोळी एकापाठोपाठ उरकाव्या. २५ लिटर पाणी २२ वरून ५० अंशांवर नेण्यास दोन किलोवॉटच्या गिझरला सुमारे २५ मिनिटे लागतात, आणि त्यात विसण घातले की अडीच बादल्या होतात. दुसरा, तापमानाची खूण ५० अंशांच्या आसपास ठेवावी. कढत पाणी करून त्यात पुष्कळ विसण घालण्याने आंघोळीला लागणारी मूळ उष्णता वाचत नाही. उलट पाणी जितके अधिक कढत तितकी वाटेत सांडणारी उष्णता अधिक. तिसरा, शेगडीवर पाणी ठेवाल तर झाकण ठेवूनच. उघड्या पातेल्यातून वाफेबरोबर पुष्कळ उष्णता निघून जाते. चौथा उपाय वृद्धांसाठी. त्यांना पहाटे आंघोळीची घाई नसते. दुपारी टाकीचे पाणी उन्हाने २७ अंशांपर्यंत चढले असेल, तर १८ ऐवजी १३ अंशच तापवावे लागते. खर्च चतुर्थांशाहून अधिक कमी होतो व अंगाला वाराही झोंबत नाही.

बिल वाचण्याविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवितो आणि ते टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढील चौथ्या. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्क असते. म्हणून वाचविलेल्या युनिटाची किंमत सरासरी दराने करू नये. जे युनिट वाचते ते सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातले असते. ज्याचे बिल ३२० युनिटांचे आहे त्याने ३० वाचविली, तर त्यांतील २० युनिटे तिसऱ्या टप्प्याच्या दराने वाचली.

वीज स्वस्त की गॅस, असा प्रश्न पुष्कळ गृहिणी विचारतात. दर बदलत राहतात, म्हणून उत्तराऐवजी रीत सांगतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमधील गॅस चांगल्या शेगडीवर जाळला तर पाण्याला मिळणारी उष्णता सुमारे ११३ युनिटे विजेइतकी भरते. सिलिंडरच्या किमतीस ११३ ने भागावे व येणारा आकडा आपल्या वरच्या टप्प्यातील युनिटाच्या दराशी ताडून पाहावा. नळाचा गॅस असेल तर एका घनमीटरास साडेसहा युनिटे धरावी. ज्याचा आकडा लहान, ते इंधन त्या घरी स्वस्त.

मात्र येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. काटकसर जिवावर बेतता कामा नये. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. हवा अपुरी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, चक्कर येते, आणि कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. अशा गिझरची जागा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत. खोली बंद करून कोळशाची शेगडी उशाशी ठेवून निजणेही तितकेच घातक. बादलीत बुडवावयाचा विजेचा रॉड स्वस्त खरा; पण तो आधी पाण्यात सोडावा व मग बटण दाबावे, आणि बटण बंद करून तारेची पिन काढल्याखेरीज पाण्याला बोट लावू नये. बादली धातूची नसावी. लहान मुलांच्या घरी तर रॉड नकोच.

हा प्रश्न आपलाच आहे असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि युरोपात गॅसचे भाव भडकले. तेथे पाणीच नव्हे, सारे घर तापवावे लागते. इंग्लंडात सामान्य घराचे वर्षाचे बिल २,५०० पौंडांच्या आसपास रोखून धरण्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारला मध्ये पडावे लागले. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनीही त्या हिवाळ्यात एकाच खोलीत बसून संध्याकाळ काढावी, यात नवल नव्हते. काश्मिरी माणूस फेरनच्या आत निखाऱ्याची कांगडी धरतो. तो खोली तापवीत नाही, स्वतःला तापवितो. आपल्या आजीची गोधडी, कानाला बांधलेला मफलर, पायांतले मोजे यांचे तत्त्व तेच आहे. जेथे माणूस आहे तेथे ऊब पोहोचवावी. रिकाम्या जागेला तापवू नये. गिझरच्या टाकीत रात्रभर तापत राहिलेले पाणी ही अशीच एक रिकामी जागा होय.

शेवटी एक आठवण सांगून आपली रजा घेतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत माझे वडील होते. मी नुकताच शिक्षक झालो होतो व माझ्या एकट्याच्या पगारावर सहा माणसे होती. त्या थंडीत रॉकेल जपून वापरावे लागे. स्टोव्हवर एकच पातेले पाणी तापे. वडिलांना, भावंडांना व मला त्यातले मिळे. आई सर्वांच्या मागून मोरीत जाई. मी विचारले तर म्हणे, “मला थंडच मानवते.” मी ते खरे मानले. मास्तर होतो, मुलांना गणित शिकवीत होतो, पण घरातली ही वजाबाकी मला दिसली नाही. चाळीस वर्षांनी जिन्यात तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकले, तेव्हा ती दिसली.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. या महिन्याचे बिल आले म्हणजे ते घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावे. गिझरचे बटण पाहावे, फवारा पाहावा, पातेल्यावरचे झाकण पाहावे. आणि घरात कोणी वडील माणूस “मला थंडच मानवते” असे म्हणत असेल, तर त्याचे म्हणणे ऐकून न घेता प्रथम त्याची बादली भरावी. तिला महिन्याला साडेनऊ युनिटे लागतात.