गूढकथाकाराच्या हातातला कुंचला

मी लहान असताना या शहराचे नाव औरंगाबाद होते. अब्बांच्या उशाशी इब्ने सफींच्या उर्दू जासूसी कादंबऱ्या असत आणि माझ्या दप्तरात वाचनालयातून भाड्याने आणलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. (इब्ने सफी मूळचे शायर, हे मला पुढे कळले आणि उगीचच बरे वाटले.) दोन्हींकडे शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडायचा आणि वाचक निर्धास्त झोपायचा.

मग रत्नाकर मतकरींची ‘खेकडा’ ही कथा हाती लागली आणि झोप उडाली. अब्बांनी विचारले, ‘‘कातिल कौन निकला?’’ मला सांगता येईना. रहस्यकथा आणि गूढकथा यांतला फरक मला तेव्हा समजला. रहस्यकथेत ‘कोणी केले’ ते कळले की पुस्तक मिटते. गूढकथेत ‘माणूस असे का करतो’ हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर सुरू होतो.

मतकरींचा जन्म १९३८चा, मुंबईतला. ‘वेडी माणसं’ ही त्यांची पहिली एकांकिका १९५५ मध्ये आकाशवाणीच्याच मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. वीस वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली, १९७८ नंतर पूर्णवेळ लेखन आणि रंगभूमी. नाटके, बालनाट्ये, कादंबऱ्या अशी यादी वाचत बसलो तर माझी वेळ संपेल. मला सांगायचे आहे ते त्यांच्यातल्या चित्रकाराविषयी. चित्रकला त्यांची स्वतःची स्वतः शिकलेली. चित्र काढणाऱ्याला माहीत असते की नुसता काळा रंग फासून अंधार दिसत नाही. शेजारी थोडा उजेड ठेवावा लागतो. मतकरींची भीती मला म्हणूनच पडक्या वाड्यापेक्षा भरल्या घरात जास्त जाणवते.

‘इन्व्हेस्टमेंट’ पाहा. आपल्याच कथेवरून हा चित्रपट त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर स्वतः दिग्दर्शित केला. २०१३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. सुशिक्षित, महत्त्वाकांक्षी आईबाप. त्यांच्या शाळकरी मुलाच्या हातून वर्गातल्या मुलीचा खून होतो. गुन्हेगार आपल्याला ठाऊक असतो. उरतो तो प्रश्न आईबापांचा, आणि ते मुलाला वाचवायला निघतात.

मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत मतकरी गेले. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही हा चित्रपट घरी पुन्हा पाहिला. माझा मुलगा तेव्हा नववीत होता. चित्रपट संपल्यावर त्याने विचारले, ‘‘अब्बू, आप होते तो क्या करते?’’

मी चहा टाकायला उठलो.