फडातली वही

पहाटे 3.30
कोपीत ताठ उभं राहता येत नाही. बांबूच्या कमानी, वर प्लॅस्टिकचा कागद, खाली पाचट. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी टोळीचा तळ पडलाय. माणसं बीड जिल्ह्यातली, धारूरकडची. मी त्यांच्यातल्या एका जोडप्यासोबत राहतेय, भाऊ आणि वहिनी. वहिनींची चूल पेटलेली आहे. बाजरीच्या भाकरी होतायत, दोन्ही वेळच्या एकदमच. तव्यावरच मिरच्या भाजल्या, मीठ घालून रगडल्या. झालं कालवण. अंधार आहे तोवर बायका तळामागे जाऊन येतात. उजाडल्यावर आडोसा नाही.

पहाटे 4.45
ट्रॅक्टर सुरू. रिकाम्या ट्रॉलीत नऊ कोयते. म्हणजे नऊ जोडपी. जोडप्यातलं एक आजारी पडलं की तो कोयता थांबला, खाडा लागला. खाड्याचे पैसे मुकादम उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेत, चढवतो. वहिनींचं धाकटं पोर मांडीवर आहे. नऊ वर्षांची मुलगी शेजारी बसल्या बसल्या झोपलीय. थोरला गावीच, हंगामी वसतिगृहात.

सकाळी 6.00
दवानं ऊस चिंब. वहिनींनी लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवलाय, डोकं घट्ट बांधलंय. पाल्याची धार गालावर ओरखडे काढते आणि कूस मानेत शिरते. भाऊंनी कोयत्यावरून कानस फिरवली. पहिला घाव जमिनीलगत, कारण साखर बुडात जास्त. वर टिपरी राहिली तर शेतमालक ओरडतो. दुसरा घाव शेंड्याला. तिसऱ्यात पाला साफ. ऊस मागे पडतो, पुढचा हातात. फड 265 जातीच्या उसाचा आहे. वजनाला चांगला, पण लोळलेला, एकमेकांत गुंतलेला. भाऊ शिव्या देतात त्या उसाला.

सकाळी 8.30
वहिनी मागून येतात. शेंड्याच्या वाढ्याला पीळ देऊन बांधायला बंद करायचा, ऊस गोळा करायचा, गुडघा दाबून मोळी आवळायची. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू द्या ताई. सैल मोळी डोक्यावर सुटती." अनिल अवचटांचं 'माणसं' वाचून त्यांच्यासारखं फिरावं असं वाटणारे माझ्यासारखे पुष्कळ. पण नुसतं बघायला आलेलं माणूस फडात अडचणच करतं. मला त्यांनीच कामं नेमून दिलीत: पाणी आणायचं, पोराची झोळी हलवायची, पोरीला पाढे म्हणायला लावायचे. आणि चौथं काम रात्री.

सकाळी 11.00
भाकरी गार, ठेचा तसाच जहाल. दहा मिनिटांत जेवण. वहिनी पोराला पाजतात आणि दुसऱ्या हातानं भाकरी मोडतात. पोरगी सतराच्या पाढ्याला अडली. भाऊ घास थांबवून तो सलग म्हणतात. सातवीपर्यंत शिकलेत. सातवीनंतर कोयता.

दुपारी 1.30
गावातला एक म्हैसवाला मोटरसायकलवर आला. वाढं पाहिजे. पंधरा पेंढ्या, पेंढीला चार रुपये. तो पन्नास म्हणतो. वहिनी नुसत्या पेंढ्या परत ओढायला लागतात. साठ मिळाले. दिवसभरात रोख हातात येणारी ही एवढीच रक्कम. पदराच्या गाठीत गेली. तेल आणि साबण.

दुपारी 3.30
ट्रॉल्या फडात आल्या. आता खरं काम. ट्रॉलीला फळी लावतात, वीतभर रुंद. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी. भाऊ उचलून देतात. वहिनी फळीवर पाय ठेवतात, फळी लवते, त्या चढतात. वर टाकायची, उतरायचं, पुन्हा खाली वाकायचं. मी खेपा मोजू लागले होते. मग पोर रडलं, आकडा चुकला, आणि तो पुन्हा धरावासाही वाटला नाही. थर जसा चढतो तशी फळी उभी होत जाते. शेवटच्या थराला कोणी बोलत नाही. ड्रायव्हर मोबाईलवर गाणी लावून बसलाय. त्याची पाळी रात्री, कारखान्याच्या रांगेत.

सायंकाळी 7.15
तळावर. टँकरचं पाणी अर्धं संपलेलं. वहिनी हात धुतात तेव्हा तळव्यावरची नवी चीर चुरचुरते. त्या तिला हळद भरतात. सकाळचीच भाकरी. तेवढ्यात मुकादम कालच्या गाडीची काट्यावरची पावती देऊन गेला. एरवी रोज देत नाही. मी आल्यापासून देतो.

रात्री 8.30
हे चौथं काम. पोरीच्या वहीची मागची पानं हिशेबाची. काल निव्वळ वजन 19.440 टन, भागिले नऊ. कोयत्याला 2.160. तोडणीचा दर टनाला 366 रुपये. 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढला तेव्हापासूनचा. 790 रुपये 56 पैसे. दोघांचे मिळून.

उचल 80,000. म्हणजे 219 टन. आत्तापर्यंत तुटलाय 118. राहिला 101.

वहिनी चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणतात, "खर्ची धरा की."

पंधरवड्याला 2,000, चार वेळा झाली. 8,000 चे होतात 22 टन. मी खाली मांडते, बेरीज करते. 123.

भाऊ पडल्या पडल्या ऐकतायत. "दोन टनानं साठ दिस," ते म्हणतात. "फड तवर पुरला तर."

वहिनी वही मिटून पोरीच्या दप्तरात कोंबतात. "ताई, उद्याचा फड पाण्यातला हाय," त्या मला म्हणतात. "ती चप्पल घालू नका, चिखलात तुटंल."