आजीचे लुगडे आणि महाडचा उपदेश

संस्थेच्या कार्यक्रमात आपल्या मुली हौसेने आजीचे नऊवारी लुगडे नेसतात. ते दिसते छान. परंतु रोज तेच नेसून राबणाऱ्या बाईचे हाल आपण विसरतो. कोकणच्या पावसात नऊ वार जाडेभरडे कापड भिजले की अंगावर ओझे होई, लवकर वाळत नसे. कोपरापर्यंतचे कथलाचे दागिने काम करताना हातात रुतत. लावणीच्या चिखलात गुडघ्याएवढे आखूड लुगडे सोयीचे होते. पण बाजारात, पाणवठ्यावर त्याच नेसणीवरून जात ओळखली जाई. आम्हांला वाटते, खरा जाच तो होता.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेस आलेल्या स्त्रियांपुढे बाबासाहेबांनी स्वतंत्र भाषण केले. अस्पृश्यतेची खूण ठरलेली नेसण व कथला-चांदीचे ते दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. तेथे जमलेल्या स्त्रियांनी नेसण लगेच बदलली.

आज काय नेसावे हे आपली मुलगी स्वतः ठरवते. तिने लुगडे जरूर नेसावे. मात्र त्याच्या निऱ्यांत दडलेला हा इतिहास तिला सांगणे, हे आपले कर्तव्य आहे.

जयभीम!