छातीत दुखले की गॅसच, असे समजू नका



हृदयविकार हा शहरातल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्या खात्यापित्या माणसांचा आजार आहे, असे आपण धरून चालतो. आदिवासी माणूस दिवसभर राबतो, मैलोगणती चालतो, त्याला काय होणार? ही समजूत किती महाग पडते, ते मी वस्त्यांत फिरताना पाहतो. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने ग्रामीण भागातील मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा लकवा हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले; साधारण सात मृत्यूंमागे एक. बहुतेक लकवा आणि हृदयविकार यांचे मूळ एकच: खराब झालेल्या रक्तवाहिन्या.

आजार कसा वाढतो?

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्यालाही स्वतःसाठी रक्त लागते. ते कोरोनरी धमन्यांतून येते. तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह यांमुळे या धमन्यांचे आतले अस्तर दुखावते. तिथे चरबीचा थर साचतो. हे वर्षानुवर्षे चालते आणि कळतही नाही. वाट अरुंद झाली की चढ चढताना, ओझे उचलताना छाती भरून येते; थांबले की बरे वाटते. ही पहिली सूचना. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. हाच हृदयविकाराचा झटका.

आपल्या विदर्भात यात खर्ऱ्याचा मोठा वाटा आहे. धूर नाही म्हणून तो कमी घातक, असे अनेकांना वाटते. पण त्यातल्या निकोटीनने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात.

उशीर जिवावर बेततो

देवलापारकडच्या एका वस्तीतील चाळिशीतल्या गड्याला रात्री छातीत दाब जाणवला, दरदरून घाम फुटला. घरच्यांनी सोडा दिला, बाम चोळला. सकाळी गाडी मिळेपर्यंत तो गेला. मागे पत्नी आणि दोन शाळकरी मुले.

छातीवर दाब, डावा हात, जबडा किंवा पाठीत कळ, थंड घाम, धाप ही लक्षणे दिसली की १०८ ला फोन करा. स्त्रियांना आणि मधुमेहींना कधी कधी नुसती धाप, मळमळ किंवा थकवा जाणवतो. रोग्याला चालवू नका. ईसीजी लवकर झाला तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते किंवा अँजिओप्लास्टी करून वाट मोकळी करता येते. काहींना बायपास लागते. प्रत्येक तासाला हृदयाचा आणखी स्नायू मरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मान्यताप्राप्त रुग्णालयांत हे उपचार मोफत होऊ शकतात. रेशनकार्ड आणि आधार कार्ड हाताशी ठेवा. नंतर बरे वाटले तरी गोळ्या मनाने बंद करू नका.

टाळता येते का?

बऱ्याच अंशी, होय. आदिवासींच्या आरोग्यासाठी झटणारे डॉ. अभय बंग यांना स्वतःला पंचेचाळिशीच्या आसपास हृदयरोगाने गाठले. आहार, व्यायामाचा अभाव आणि ताण यांचा हिशेब त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात मांडला. तंबाखू पूर्ण सोडा. दिवसाला मीठ एका लहान चमच्याच्या आत ठेवा. लोणचे, पापडही त्यातच धरा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासा. १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब पुन्हा पुन्हा आला तर औषध टाळू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोफत मिळते.

माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळीतील परिचारिका बहिणींनी महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर सर्वांचा रक्तदाब मोजावा, आणि अधूनमधून आमच्यासोबत एखाद्या वस्तीवर यावे. यंत्राला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांनी एखाद्या घराचा कर्ता वाचू शकतो.

प्रभू आपणा सर्वांना उत्तम आरोग्य देवो.