बांदा द्वीपसमूह : जायफळाचा सागरी व्यापार आणि वसाहतकालीन वारसा

प्रस्तावना :

बाळगुटीच्या सहाणेवर उगाळले जाणारे आणि श्रीखंडात, पुरणात घातले जाणारे जायफळ मराठी घरांस अपरिचित नाही. तथापि, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाला लागणारे जवळजवळ सर्व जायफळ आणि त्याच्या बीवरील तांबडी जाळी म्हणजेच जायपत्री एकाच द्वीपसमूहातून येत असे. आजच्या इंडोनेशियातील मालुकू प्रांतात, सेराम बेटाच्या दक्षिणेस असलेला बांदा हा तो द्वीपसमूह होय. नैरा, लोंथोर, आय, रुन ही त्यातील प्रमुख बेटे असून गुनुंग अपी हा जागृत ज्वालामुखी त्यांच्या मध्यभागी उभा आहे. या बेटांकडे झालेल्या सागरी सफरी, त्यांतून उद्भवलेली मक्तेदारी आणि तिच्या वारशाचे स्वरूप यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मोसमी वारे आणि प्रारंभीचा व्यापार :

बांदाचा व्यापार मोसमी वाऱ्यांवर अवलंबून होता. पश्चिमेकडील वाऱ्यांबरोबर जावा व मलाक्का येथून गलबते येत आणि वारे उलटताच परत फिरत. जावी, मलायी, अरब व गुजराती व्यापाऱ्यांच्या साखळीतून भारतीय कापड येथे पोहोचे. बांदावासीयांना तांदूळ व साबुदाणा बाहेरून आणावा लागे. त्याचे मोल ते जायफळाने चुकवीत. येथे राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणून ओळखले जाणारे प्रतिष्ठित पुढारी गावांचा कारभार पाहत.

गोवा ते बांदा :

इ.स. १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का जिंकणाऱ्या आफोन्सो द अल्बुकर्क याने त्याच वर्षाच्या अखेरीस अँतोनियु द अब्रेउ याच्या नेतृत्वाखाली तीन जहाजे पूर्वेकडे पाठविली. १५१२ च्या प्रारंभी ती बांदा येथे पोहोचली. पोर्तुगीजांनी येथे व्यापार केला. मात्र त्यांना बेटांवर सत्ता स्थापन करता आली नाही. डच जहाजे १५९९ मध्ये आली आणि १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने केवळ आपल्यालाच जायफळ विकण्याचे करार काही पुढाऱ्यांकडून करवून घेतले. येथेच संघर्षाचे मूळ आढळते. सर्वांवर बंधनकारक असा करार करू शकेल अशी एक सत्ता बांदामध्ये नव्हती. शिवाय अन्न व कापड पुरविणारे जुने व्यापारी तोडणे म्हणजे उपासमार ओढवून घेणे होते. कंपनीने मात्र कराराच्या प्रत्येक उल्लंघनाकडे विश्वासघात म्हणून पाहिले.

१६२१ चा संहार :

१६०९ मध्ये नैरा बेटावर डच सेनानी व्हर्हूफ मारला गेला. त्याच वर्षी नासाऊ व १६११ मध्ये बेल्जिका हे किल्ले उभे राहिले. रुन बेटावर १६१६ पासून नॅथॅनिएल कोर्टहोप याच्या नेतृत्वाखाली इंग्रजांनी ठाण मांडले. १६२१ मध्ये गव्हर्नर जनरल यान पीटर्सझून कून याने लोंथोर जिंकले. ४४ ओरांग काया जपानी भाडोत्री सैनिकांकरवी ठार करण्यात आले. सुमारे १५,००० लोकसंख्येपैकी जेमतेम एक हजार लोक बेटांवर उरले, असा अंदाज सामान्यतः मांडला जातो. उर्वरित लोक लढाईत व उपासमारीने मेले, गुलाम म्हणून बटाव्हियास नेले गेले किंवा समुद्रमार्गे निसटले. रिकाम्या झालेल्या भूमीचे ६८ मळे पाडून ते युरोपीय मळेवाल्यांना देण्यात आले आणि तेथे अन्य प्रदेशांतून आणलेले गुलाम राबविण्यात आले.

ब्रेडाचा तह आणि मक्तेदारीचा अंत :

रुनच्या बदल्यात मॅनहॅटन दिले गेले, असे लोकप्रिय लेखनात म्हटले जाते. वस्तुतः १६६७ च्या ब्रेडा तहाने ज्याच्या ताब्यात जे होते ते त्याच्याकडे ठेवले. त्यामुळे रुन डचांकडे व १६६४ मध्ये इंग्रजांनी घेतलेले मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिले. पुढे १७७० मध्ये फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र याच्या प्रयत्नांतून जायफळाची रोपे मॉरिशसला पोहोचली. नेपोलियनकालीन युद्धांत इंग्रजांनी बांदा ताब्यात घेऊन रोपे आपल्या वसाहतींत नेली. एका झाडाच्या दुर्मिळतेवर उभी असलेली मक्तेदारी त्या झाडाच्या प्रसाराने संपली. डच ईस्ट इंडीजमधील गुलामगिरी कायद्याने १८६० मध्ये रद्द झाली.

वारसा कोणाचा ?

बांदाचा वारसा म्हटला की किल्ले व मळेवाल्यांचे वाडे समोर येतात. या द्वीपसमूहाचा ऐतिहासिक व सागरी भूप्रदेश २०१५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला. मोहम्मद हट्टा आणि सुतान शाहरीर या स्वातंत्र्यनेत्यांना डच सरकारने १९३६ ते १९४२ या काळात नैरा येथेच स्थानबद्ध ठेवले होते; म्हणून ही भूमी राष्ट्रीय स्मृतीचाही भाग ठरते. परंतु १६२१ मध्ये निसटलेल्यांचे वंशज आग्नेयेकडील काई बेटांवर बांदा एली व बांदा एलात या गावांत राहतात. मूळ बेटांवर लुप्त झालेली बांदा भाषा तेथे टिकून आहे. केवळ वास्तूंची नोंद करणारी वारसायादी जेत्यांच्या दगडांचे जतन करते. पराभूतांच्या शब्दांना मात्र तिच्यात जागा मिळत नाही.

समारोप :

सागरी सफरींचा इतिहास शोधकांच्या साहसापुरता मर्यादित ठेवल्यास त्याचे निम्मे अंग अंधारात राहते. बांदाच्या बाबतीत किल्ला, मळा, गुलामांची वस्ती आणि काई बेटांवरील भाषा या चारही गोष्टी एकाच वारशाचे घटक मानाव्या लागतात. गोव्यासह पश्चिम किनाऱ्यावरील वसाहतकालीन वास्तूंचा अभ्यास करतानाही हीच दृष्टी उपयुक्त ठरेल.